ओटा पक्का, वायरिंग कच्चं: स्वयंपाकघराच्या कामानंतरचे आठ महिने

काम संपलं त्या दिवशी मला विचारलं असतं तर या कॉन्ट्रॅक्टरला मी पाचपैकी पाच दिले असते. बरं झालं, तेव्हा काही लिहिलं नाही. एप्रिलमध्ये स्वयंपाकघराचा ताबा मिळाला, आता डिसेंबर चालू आहे. मधे एक पावसाळा गेला, गौरी जेवल्या, दिवाळीचा फराळ झाला. आता बोलायला हरकत नाही.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८८ची. स्वयंपाकघर आठ बाय दहा. कडप्प्याचा ओटा, त्याला लागून मोरी, भिंतीत फडताळ. मोरीचं पाणी खालच्यांच्या छतावर उतरायला लागलं तेव्हा काम काढणं भागच होतं. तीन जणांकडून कोटेशन घेतलं. दोघांनी टॅबवर रंगीत चित्रं दाखवली. तिसरा आला तो हातात मीटर-टेप घेऊन, आणि आधी मोरीत पाणी ओतून ते कुठे थांबतंय ते बघत बसला. त्यालाच काम दिलं. कोटेशन ३ लाख ८५ हजारांचं, झाले ४ लाख ४१ हजार. यातले वीसेक हजार आमच्याच बदलत्या मतांचे, त्याचा दोष त्याला देत नाही. "पंचवीस दिवसांत देतो" म्हणाला होता, सत्तेचाळीस लागले. तेवढे दिवस हॉलमध्ये इंडक्शनवर वरणभात आणि बाकी डबा.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

ओट्याची उंची. सगळे ३४ इंच म्हणतात. माझी उंची पाच फूट एक इंच, सासूबाई माझ्याहूनही बुटक्या. या माणसाने तोडलेल्या कडप्प्याचा तुकडा विटांवर ठेवला, त्यावर पोळपाट ठेवला आणि आईंना म्हणाला, "मावशी, लाटून दाखवा." आईंनी खोटी पोळी लाटली. खांदे वर जाताहेत म्हणून त्याने एक थर काढला, पुन्हा लाटायला लावलं. शेवटी ३२ ठरली. रोज वीस पोळ्या लाटताना मला तो आठवतो, आणि चांगल्या अर्थाने आठवतो.

मोरी. तो स्वतःच म्हणाला होता की आजकाल मोरी कोणी ठेवत नाही, काढून टाकू, जागा मिळेल. आई ऐकेनात. नारळ फोडायचा कुठे, पातेली घासायची कुठे, गणपतीचं तांब्या-ताम्हन धुवायचं कुठे? मग ठेवायचीच ठरल्यावर त्याने ती जीव लावून केली. जुनं सगळं स्लॅबपर्यंत उकरलं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, कोपऱ्यात गोलाई काढली, आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवलं. खालच्या काकूंना सांगून आला, छताकडे लक्ष ठेवा म्हणून. पावसाळ्यानंतर काकूंनी छताला रंग देऊन घेतला, यातच काय ते आलं. फरशी लावल्यावर त्याने गोटी सोडून उतार तपासला. आता बादली उपडी केली तरी पाणी सरळ जाळीकडेच जातं.

ग्रॅनाइटही तसंच. ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारलीय, त्यामुळे सांडलेलं पाणी दगडाच्या पोटाखालून आत न जाता कडेलाच गळतं आणि ट्रॉल्या कोरड्या राहतात. हे मी मागितलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं. दगडाचा जोड त्याने सिंकच्या खाचेवर येऊ दिला नाही, कारण तिथे दगड आधीच अरुंद असतो आणि तडा तिथूनच जातो.

आता दुसरी बाजू.

जुलैअखेर सिंकखालचं कपाट उघडलं की कुबट वास यायला लागला. कोटेशनमध्ये "आयएस ७१० प्लाय" असं मी मुद्दाम लिहून घेतलं होतं, कारण ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आणि ३०३ हा साध्या वापराचा. माल आला तेव्हा प्रत्येक शीटवरच्या शिक्क्याचा फोटोही काढला. शहाणपणाची हद्द झाली असं मलाच वाटत होतं. पण कोटेशनमध्ये "कपाटाला प्लाय" असं होतं, कपाटाच्या पाठीचं नाव कुठे नव्हतं. सुताराने पाठीला सहा मिलिमीटरचा साधा बोर्ड मारला होता. सिंकच्या पाइपचा जोड थेंबथेंब गळत होता, आणि तो बोर्ड भिजून पुरीसारखा फुगला होता.

तिसऱ्या फोनला कॉन्ट्रॅक्टर स्वतः आला. फुगलेला बोर्ड बघून त्याचा चेहरा पडला. तो नाटक करत नव्हता, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. सुतार राजस्थानचा, कामापुरता बोलावलेला, तोवर गावी गेलेला. पाठ बदलून दिली, १,८०० रुपये मालाचे घेतले, मजुरी नाही. भांडले नाही, पण ते पैसेही घ्यायला नको होते.

ट्रॉल्यांची गोष्ट जास्त लागली. "३०४ स्टील आहे ताई," म्हणून त्याने खिशातून लोहचुंबक काढून लावून दाखवलं होतं. चिकटलं नाही, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील असं समजून मी खूश. नंतर कळलं की २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून स्वस्त पडतं आणि दमट हवेत लवकर डागळतं. चुंबकाने दोघांतला फरक कळतच नाही. सप्टेंबरमध्ये मिठाच्या बरणीखालच्या ट्रॉलीवर तपकिरी ठिपके उमटले. ते नक्की २०२ आहे असं मी शपथेवर सांगणार नाही, चाचणी केलेली नाही. पण माझ्या आईच्या घरी बारा वर्षांची ट्रॉली स्वच्छ आहे आणि माझी पाच महिन्यांत डागळली. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "दुकानदाराने ३०४च सांगितलं होतं." मला हे खरंच वाटतं, आणि तिथेच खरी गोम आहे.

ट्रॉल्यांबद्दल आणखी एक, यात चूक माझी. गॅसशेजारी बाटल्यांसाठी अरुंद उभी ट्रॉली घेतली, कारण कॅटलॉगमध्ये सुंदर दिसत होती. आमच्याकडे तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये येतं. त्या ट्रॉलीत आता लाटणं, उलथणं आणि उदबत्तीचे पुडे असतात. त्याऐवजी थाळीची ट्रॉली रुंद करून घेतली असती तर बरं. टाइल्सच्या सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी डाग न धरणारं एपॉक्सी भरायला त्याने चार हजार जास्त सांगितले होते, मी नको म्हटलं. आता गॅसमागची प्रत्येक रेघ हळदीची आहे.

वायरिंगची परीक्षा दिवाळीत झाली. ओट्यावर १६ अँपिअरचे तीन पॉइंट मागितले होते, तीन दिले. दिसायला छान. वसुबारसेच्या दिवशी ओव्हनमध्ये नानकटाई, इंडक्शनवर पाक, आणि आईंनी चकलीच्या भाजणीसाठी घरघंटी चालू केली. खट्. स्वयंपाकघर बंद. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, वर केला, पुन्हा खट्. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने बघितलं तर तिन्ही पॉइंट एकाच वायरवर, एकाच १६च्या एमसीबीवर. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे जेमतेम ३,७०० वॅट. ओव्हन १,५००, इंडक्शन २,०००, एक हॉर्सपॉवरची घरघंटी ७५०, आणि मोटर सुरू होताना ओढते ते वेगळं. एमसीबीने आपलं काम केलं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "तुम्ही पॉइंट तीन सांगितले, लाइनी तीन नव्हत्या सांगितल्या." याला काय उत्तर देणार! भाजणी शेवटी खालच्या काकूंकडे दळली.

गॅसच्या पाइपबाबत मात्र मी ऐकलं नाही. "आपला प्लंबर सरकवून देईल" म्हणाला होता. मी पाइपने गॅस पुरवणाऱ्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीकडेच अर्ज दिला, चार दिवस काम अडलं, तो कुरकुरला. अडू दे.

हे सगळं एकत्र ठेवलं तेव्हा मला उशिरा एक गोष्ट उमगली. हा माणूस मुळात लादी बसवणारा मिस्त्री. पंधरा वर्षं त्याने हाताने दगड आणि फरशी केली, मग कॉन्ट्रॅक्टर झाला. जिथे त्याचा स्वतःचा हात चालतो तिथे काम मागितल्यापेक्षा चांगलं. लाकूड, स्टील, वायर यांतलं त्याला माझ्याइतकंच कळतं, म्हणजे दुकानदार सांगेल तेवढं. मी तिघांनाही दर विचारला, दिवस विचारले, आधीची कामं बघायला गेले. पण कॉन्ट्रॅक्टर होण्याआधी काय करत होतात, हे एकालाही विचारलं नाही. सुतारकामातून वर आलेला असता तर कदाचित माझं कपाट सुकं आणि मोरी गळकी असती.

पुन्हा काम देईन का? बाथरूमचं, उद्या. बेडरूमच्या कपाटांचं, नाही. पैसे टप्प्याटप्प्याने दिले होते: चाळीस टक्के आधी, मग तीस, मग वीस, शेवटचे दहा हातचे ठेवले. पण ते दहा मी काम संपल्यावर आठ दिवसांत देऊन टाकले, पेढ्यांसकट. एक पावसाळा थांबायला हवं होतं.

रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय, मेन बोर्डापासून दोन नव्या लाइनी ओढायला. त्यासाठी वरच्या दोन टाइल्स फोडाव्या लागतील. त्या परत बसवायला मात्र मी याच कॉन्ट्रॅक्टरला फोन केलाय, आणि पहिल्याच रिंगला त्याने उचलला.