क्लिकर की चोक चेन? पिल्लाला शिकवण्याच्या दोन साधनांचं परीक्षण

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी. आत किंचित वाकवलेली धातूची पट्टी असते. दाबली की ‘टिक्’, सोडली की ‘टक्’, एवढंच यंत्र. कुत्र्याच्या पिल्लांना शिकवण्यासाठी यापेक्षा साधं आणि उपयोगी साधन सापडणं अवघड आहे. मात्र ते चुकीचं वापरणंही तितकंच सोपं आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. डबीच्या क्लिकरमध्ये अंगठा थेट पट्टीवर पडतो आणि आवाज कडक, मोठा येतो. बटणाच्या क्लिकरमध्ये पट्टी झाकलेली असल्यामुळे आवाज मवाळ असतो. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लासाठी बटणाचाच घ्यावा. डबीचा आधीच घरात असेल तर मोज्यात गुंडाळून वापरावा. आवाज ऐकून पिल्लू कान पाडत असेल किंवा मागे सरकत असेल, तर तो त्याच्यासाठी मोठा आहे असं समजावं. घेताना सलग वीस वेळा दाबून पाहा. बटण अडकत असेल किंवा एखादा दाब न वाजता जात असेल, तर दुसरा निवडा. मनगटात अडकवायचा बँड हवाच, कारण पट्टा, खाऊ आणि क्लिकर हे सगळं दोन हातांत सांभाळायचं असतं. डबीच्या क्लिकरची पट्टी लाळेने आणि ओल्या हातांनी गंजते व आवाज बसका होतो, म्हणून काम झालं की पुसून ठेवा. शिटी जोडलेले क्लिकरही मिळतात. पहिल्याच साधनाला ही जोड कशाला, हे कळत नाही.

पिल्लाच्या दृष्टीने या आवाजाला सुरुवातीला काहीच अर्थ नसतो. तो आपण द्यायचा असतो. शांत खोलीत बसा, क्लिक करा आणि लगेच खाऊ द्या. असं दहा-पंधरा वेळा करा. क्लिक झाल्यावर पिल्लू खाऊच्या अपेक्षेने वळून पाहू लागलं की पाया तयार झाला. खाऊ मऊ हवा, वाटाण्याहून लहान हवा आणि क्षणात गिळता यायला हवा. कडक बिस्किट चावण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पिल्लू काय करत होतं ते विसरतं. सगळा वरखाऊ मिळून दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांत बसवावा, किंवा जेवणातलेच दाणे बाजूला काढून वापरावेत.

आता ‘बस’ शिकवू. खाऊ नाकाजवळ धरून हात हळूच वर आणि किंचित मागे न्या. डोकं वर गेलं की बूड खाली येतं. ते जमिनीला टेकताक्षणी क्लिक करा, मग खाऊ द्या. हात फार उंच गेला तर पिल्लू उडी मारतं, फार मागे गेला तर पावलं मागे टाकतं. पाच-सहा वेळा जमलं की तोच हात रिकामा फिरवा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. ‘बस’ हा शब्द सगळ्यात शेवटी, हालचाल पक्की झाल्यावर, हाताच्या खुणेच्या आधी उच्चारायचा. बरेच जण सुरुवातीपासूनच ‘बस, बस, बस’ म्हणत राहतात आणि पिल्लाला तो शब्द भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा होतो. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चारदा.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे क्लिकच्या आधी हात खाऊच्या पिशवीकडे जाणं. मग पिल्लू आवाज ऐकायचं सोडून हात पाहायला शिकतं. दुसरी चूक क्लिकर लांबून बोलावण्यासाठी वाजवणं. तिसरी म्हणजे तो मुलांच्या हाती खेळणं म्हणून देणं. खाऊशिवाय वाजलेला प्रत्येक क्लिक त्याचा अर्थ पातळ करतो. चुकून वाजला तरी खाऊ द्यायचाच.

शी-शूच्या शिक्षणात मात्र क्लिकर बाजूला ठेवा. शू चालू असताना क्लिक केला तर पिल्लू अर्ध्यातच थांबून खाऊसाठी धावतं आणि उरलेली घरात करतं. पूर्ण होऊ द्या, मग शांतपणे कौतुक करून जागेवरच खाऊ द्या. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर नेण्याला पर्याय नाही.

चोक चेनचा मार्ग वेगळा. साखळीचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या कडीतून जातं आणि झटका दिला की गळ्याभोवती आवळतं. ती योग्य बाजूने घातली तरच झटक्यानंतर आपोआप सैल होते. उलटी घातली तर आवळलेलीच राहते. दाबाने शिकवण्याची ही परंपरा जुनी आहे. 1910 साली जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर जे लिहिलं, त्यात सक्तीला मोठं स्थान होतं आणि पुढे अनेक दशकं तोच प्रघात राहिला. क्लिकरची वाट मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी 1940 च्या दशकात मोकळी केली. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे ती 1990 च्या दशकात घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत पोचली.

धाक हवाच असं म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मनापासून पटतं: पिल्लाला मर्यादा लागतात, आणि त्या रोज बदलून चालत नाहीत. खाऊ दिसला तरच ऐकणारं कुत्रं ही खरी तक्रार आहे. पण ते खाऊ हातात दाखवत राहिल्याने घडतं. तो आधी पिशवीत गेला आणि नंतर अनियमित मिळू लागला की तक्रार मिटते. झटक्याची अडचण अधिक खोल आहे. पिल्लू लहान मुलाकडे झेपावतं, त्याच क्षणी गळ्याला कळ लागते, आणि पिल्लू त्या कळेची सांगड मुलाशी घालतं. गुरगुरण्याबद्दल मारलं तर गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी ते इशारा न देता चावू शकतं. शिवाय क्लिकची वेळ चुकली तर एखादा खाऊ वाया जातो, झटक्याची चुकली तर विश्वास जातो. वाढत्या पिल्लाचा गळा आणि श्वासनलिका नाजूक असतात, त्यामुळे चोक चेन पिल्लाला घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओढणाऱ्या पिल्लासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या.

‘तुम्ही टोळीचे म्होरके व्हा’ हा सल्लाही अजून ऐकू येतो. त्याचं मूळ लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. दुसरे लांडगे-अभ्यासक डेव्हिड मेक यांनी टोळीच्या म्होरक्याची ही कल्पना 1970 मध्ये लोकप्रिय केली, आणि 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की मोकळ्या रानातली टोळी बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असते. पिल्लाला पाठीवर पाडून दाबून धरण्याला यातून काहीच आधार मिळत नाही. 2010 साली वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर बंदी आली. अमेरिकेतल्या पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2021 मध्ये कुत्र्यांच्या सर्व प्रशिक्षणासाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींचीच शिफारस केली.

शिस्त मग कुठून येते? दारातल्या जाळीच्या फाटकातून, उंचावर ठेवलेल्या चपलांमधून, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरण्यातून. दात येण्याच्या वयात, साधारण तीन ते सात महिन्यांत, पिल्लू हात चावतं. क्लिकर इथे चावणं थांबवत नाही. खेळ तिथेच बंद करा, उठून वीस-तीस सेकंद लक्ष काढून घ्या, परतल्यावर चावायचं खेळणं द्या. खेळणं तोंडात घेतलं की तेव्हा क्लिक. सुरुवातीचे काही दिवस दात आणखी जोरात लागतात. पूर्वी चालत होतं ते आता का चालत नाही, हे पिल्लू तपासून पाहत असतं. घरातला एक जण या दिवसांत हसून हात पुढे करत राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

एखादी गोष्ट तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी, लोकांच्या वावरातही जमू लागली की तिच्यासाठी क्लिकर लागत नाही, मग तो पुढच्या नव्या शिक्षणासाठी ठेवा. बोटं दुखत असतील तर ‘हो!’ असा एकच आखूड शब्द, नेहमी त्याच स्वरात, क्लिकच्या जागी चालतो. बहिऱ्या पिल्लाला उंचावलेला अंगठा दाखवा. पद्धत तीच: आधी खूण, मग खाऊ.