काठी झकास, लाइन मुंबईची नाही

मस्जिद बंदरच्या एका दुकानातून फ्लाय फिशिंगचा संच घेतला, साडेसात हजार. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच नंबरचा रॉड (हा नंबर लाइनच्या वजनाचा), रीळ, त्यावर भरलेली तरंगती लाइन आणि डबीभर फ्लाय. ब्रँडचं नाव लिहीत नाही. पाहायचं काय, ते सांगतो.

आधी रॉड. फेकताना साधारण मधल्या भागापर्यंत वाकतो, त्यामुळे घाई करणाऱ्या माणसालाही सांभाळून घेतो. आपल्याकडे गरवताना शिशाचं वजन फेकायचं आणि दोरी त्याच्यामागून जायची. इथे फ्लाय म्हणजे गळाला बांधलेली चार पिसं, तिला वजनच नाही. फेकायची ती जाड लाइन. ती पाठीमागे पूर्ण उलगडली की मनगटाला बारीकसा ओढा लागतो आणि तेव्हाच पुढे फेकायचं. स्वस्त रॉडमध्ये हा ओढा कळतच नाही. याच्यात स्पष्ट कळतो. पैसे तिथेच वसूल. सराव शिवाजी पार्कात सकाळी लवकर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. नेट लावणारी पोरं यायच्या आत आटपायचं.

मालवणच्या मामांनी रॉड हातात घेऊन हलवला आणि विचारलं, "ह्या काठयेन मासो गावतलो?" गावतो.

मे महिन्यात हिमाचलात, तीर्थन नदीवर गुशैणीच्या आसपास वापरला. मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, तो काढा. ब्राऊन ट्राउट हा मासा इथला मूळचा नव्हे, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला. बर्फाचं पाणी असल्यामुळे टिकला. मोठ्या धोंड्यामागे पाणी जरा संथ होतं, तिथे तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. सोळा नंबरच्या बारीक गळाची निम्फ (पाण्यातल्या किड्यासारखी, बुडणारी फ्लाय) धोंड्याच्या वरच्या अंगाला टाकायची आणि पाण्याच्याच वेगाने खाली येऊ द्यायची. मासा हिसका देत नाही, वाहणारं लाइनचं टोक क्षणभर थबकतं, बस. तेवढ्यात रॉड उचलायचा. याचं टोक मऊ आहे, म्हणून केसासारखी 5एक्स टिपेट (फ्लायला बांधलेली शेवटची बारीक दोरी) सुद्धा तुटली नाही. मासे वीतभरच होते, हात ओले करून सोडून दिले. दुपारी पाणी 20 अंशांच्या वर जायला लागलं तर ट्राउटच्या मागे लागू नये. दमलेला मासा सोडला तरी मरतो.

आता लाइन. तीर्थनवर ती लोण्यासारखी सरकत होती. हीच लाइन एप्रिलात उल्हास नदीवर, भिवपुरीच्या खालच्या अंगाला नेली होती (टाटांच्या वीजकेंद्राचं पाणी सुटतं, म्हणून नदी उन्हाळ्यातही वाहती असते). अकरा वाजेपर्यंत लाइन नुसती चिकट! रिंगांत अडकते, फेक अर्ध्यावर पडते. कारण साधं आहे. थंड पाण्यासाठीच्या लाइनवरचं आवरण मऊ ठेवतात, ते आपल्या उन्हात आणखी मऊ पडतं. उष्ण हवेसाठी कडक आवरणाची वेगळी लाइन मिळते, तीन हजारांच्या पुढे. पण ती हिमाचलात नेली तर थंडीने वेटोळी धरून बसते. म्हणजे दोन्हीकडे जायचं तर दोन लाइन, दोन स्पूल (रिळातली लाइन गुंडाळायची चाकं). खोक्यावर यातलं एक अक्षर नाही, दुकानदारही बोलला नाही.

खोक्यावर "ट्राउट आणि बास" असं मात्र ठळक छापलंय. स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचा मासा. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पाण्यावर पॉपर (तरंगणारी, फट्‌फट् आवाज करणारी जाड फ्लाय) टाकला की उसळून घेतो. त्याच्यासाठी डबीत रबरी पायांचे चार पॉपर दिलेत. उल्हासला बास कुठला? चिलापीने ढुंकूनही पाहिलं नाही. शिवाय पॉपर हवेला अडतो, पाच नंबरच्या रॉडला पेलत नाही; बाससाठी लोक सहा-सात नंबरचा घेतात. पॉपर भाच्याला खेळायला दिले, गळ कापून.

रीळ ठीकठाक. मुठीच्या कॉर्कमध्ये भरलेली पुट्टी एका जागी निघू लागली आहे. नळी मात्र उत्तम, पाऊण मीटरची. कर्जत लोकलच्या रॅकवर आरामात मावते. प्लंबिंगचं सामान समजून कोणी हातही लावत नाही.

दुकानात नुसता रॉड सुटा मिळतो का, ते आधी विचारा. मला नंतर कळलं की मिळतो, साडेचार हजारांना. उरलेल्या पैशांत थोडी भर घातली की हवी ती लाइन येते. रविवारी दुकान बंद असतं.