सेंट पॉल्सची इव्हनसाँग: तिकीट शून्य, पण जागा बघून घ्या

लंडनला जाणाऱ्यांच्या यादीत सेंट पॉल्स कथीड्रल असतंच. बहुतेक मंडळी पंचवीस पौंडांच्या वरचं तिकीट काढतात, घुमटाच्या 528 पायऱ्या चढतात, दमतात आणि चारच्या आसपास बाहेर पडतात. म्हणजे नेमकं चुकीच्या वेळी. आठवड्याच्या दिवशी साधारण पाच वाजता तिथे कोरल इव्हनसाँग, म्हणजे गायकवृंदाने गायलेली संध्याकाळची प्रार्थना, सुरू होते. ती प्रार्थना असल्यामुळे तिला तिकीट नाही, आणि ज्या आवाजांसाठी ही इमारत रोज वापरली जाते ते आवाज तेव्हा ऐकायला मिळतात. रविवारी ती दुपारी लवकर असते. त्या दिवसाची वेळ कथीड्रलच्या संकेतस्थळावर बघूनच निघावं.

इथल्या गाण्याच्या दर्जाबद्दल फार बोलायची गरज नाही. तीसेक मुलं आणि बारा व्यावसायिक गायक आठवड्यातून बहुतेक दिवस, रोज वेगळं संगीत, जेमतेम तालमीवर गातात, आणि चोख गातात. प्रश्न इमारतीचा आहे. घुमटाखाली आवाज पूर्ण विरायला नऊ-दहा सेकंद लागतात. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यात ॐकार घुमतो तो एक-दोन सेकंद, यावरून अंदाज करा. घुमटाखालच्या खुर्च्यांत मागे बसलात तर सूर सगळे पोचतात, शब्द एकही पोचत नाही. पंधरा मिनिटांत कंटाळा येतो आणि ‘छान होतं, पण सगळं एकसारखंच वाटलं’ असं म्हणत लोक उठतात. दोष कानांचा नाही, खुर्चीचा आहे.

म्हणून पहिलं काम जागेचं. गायक बसतात त्या पूर्वेकडच्या लाकडी भागाला क्वायर म्हणतात. तिथे गायकांच्या मागच्या कोरीव बाकांवर जागा मोकळी असेल तर आधी आलेल्यांना कधी कधी बसू देतात. साडेचारला दारात हजर राहा, काळ्या झग्यातल्या माणसाला, म्हणजे व्हर्जरला, ‘इव्हनसाँगसाठी आलोय, क्वायरमध्ये जागा मिळेल का?’ असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर घुमटाखालच्या खुर्च्यांत अगदी पहिली-दुसरी रांग धरा. चौथ्या-पाचव्या रांगेपासून फरक जाणवायला लागतो. बॅग तपासतात, प्रार्थनेच्या वेळी फोटो-व्हिडिओ बंद. चपला-बूट काढायचे नाहीत, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी हे हातात दिलेल्या पत्रकात असतं. ख्रिस्ती नसलात तरी कोणी काही विचारत नाही, काही म्हणायची सक्तीही नाही.

क्वायरमध्ये जागा मिळाली तर काय बदलतं ते स्तोत्रांत कळतं. गायक दोन रांगांत समोरासमोर बसतात, कीर्तनात टाळकरी उभे राहतात तसे. दक्षिणेची बाजू डेकॅनाय, म्हणजे डीनची (कथीड्रलच्या प्रमुख पुरोहिताची). उत्तरेची कँटोरिस, म्हणजे प्रेसेंटरची (गाण्याची जबाबदारी असलेल्या पुरोहिताची). स्तोत्रातली एक ओवी ही बाजू गाते, पुढची ती. चाल अगदी छोटी, तिला चँट म्हणतात: साध्या चँटमध्ये दहा स्वरसंगती (एकाच वेळी गायलेले वेगवेगळे सूर), दुहेरीत वीस. ओवीचे बहुतेक शब्द एकाच सुरावर बोलल्यासारखे सरकतात आणि अर्ध्या ओवीच्या शेवटी सूर वळतो. ऐकायला सोपं, गायला भयंकर. ओवीत शब्द कितीही असोत, चाल तेवढीच, त्यामुळे वळण कुठल्या अक्षरावर घ्यायचं हे खुणांनी ठरवून दिलेलं असतं. एकाने खूण चुकवली की ती बाजू एका अक्षराने फाटते, आणि जवळ बसलेल्याला ते लगेच ऐकू येतं. घुमटाखाली बसलेल्याला चूकही कळत नाही आणि ती न होण्यातली करामतही.

इव्हनसाँगचा साचा 1662 च्या बुक ऑफ कॉमन प्रेअरमधला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातला आहे. सुरुवातीला पुरोहित आणि गायकांची सवाल-जबाबासारखी छोटी वाक्यं, मग स्तोत्रं, जुन्या करारातलं वाचन, मॅग्निफिकॅट (मरियेचं स्तुतिगीत), नव्या करारातलं वाचन, नंक डिमिटिस (शिमोनाचं गीत), श्रद्धावचन, पुन्हा सवाल-जबाब, तीन प्रार्थना, आणि मग अँथम, म्हणजे गायकवृंदाची एक स्वतंत्र रचना. सगळं मिळून पाऊण तास. त्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. पंधरा तारखेच्या संध्याकाळी 78 वं स्तोत्र येतं, त्याच्या 73 ओव्या आहेत. हल्ली पुष्कळ ठिकाणी ती छाटतात, पण लहान मुलं बरोबर असतील तर पंधरा तारीख टाळलेली बरी.

जाण्याआधी संगीताची यादी वाचायला शिका, कारण त्यावरच दिवस निवडता येतो. मॅग्निफिकॅट आणि नंक डिमिटिस यांचे शब्द रोज तेच, चाल रोज वेगळी. त्या जोडीला संगीतकाराच्या नावाने आणि पट्टीने ओळखतात: ‘स्टॅनफर्ड इन सी’, ‘वॉल्मिस्ली इन डी मायनर’. काही जोड्यांना ज्या कथीड्रलसाठी त्या लिहिल्या त्याचं नाव असतं. यादीत ‘हॉवेल्स, सेंट पॉल्स’ दिसलं तर बाकीचे बेत रद्द करा. हर्बर्ट हॉवेल्सने 1951 साली ही जोडी याच घुमटासाठी लिहिली. इथला घुमारा ध्यानात ठेवून त्याने स्वरसंगती हळूहळू बदलत नेल्या आहेत, म्हणजे मागची विरते तोवर पुढची तिच्यावर आदळत नाही. हीच रचना लहान, कोरड्या आवाजाच्या चर्चमध्ये रेंगाळल्यासारखी वाटते. उलट, बारीक गुंतागुंतीची जलद रचना इथे लापशी होते. दहा सेकंदांच्या घुमाऱ्यात सेकंदाला चार संगती बदलल्या तर दुसरं काय होणार?

यादीत ‘विनासाथ’ अशा अर्थाची नोंद दिसली तर त्या दिवशी ऑर्गन जवळजवळ गप्प. पुष्कळ कथीड्रलमध्ये शुक्रवारी ही प्रथा असते. नुसती मुलं किंवा नुसते मोठे गातात असेही दिवस असतात. ऑगस्टमध्ये आणि शाळेच्या सुट्ट्यांत घरचा गायकवृंद नसतो, पाहुणे येतात. त्यांच्यात उत्तमही असतात आणि हौशीही, म्हणजे नशिबाचा भाग. आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मे ते ऑगस्टमध्ये जातात, त्यांनी हे जरूर बघावं. मोठे गायक सगळे पुरुष असायचे, 2017 मध्ये पहिली स्त्री कायम झाली. मुलींना पूर्णवेळ कोरिस्टर (गायकवृंदातली मुलं) म्हणून घ्यायला तर आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. सॉल्झबरी कथीड्रलने मुलींचा गायकवृंद 1991 मध्येच उभा केला होता. सेंट पॉल्सला या बाबतीत उशीर झाला, यात शंका नाही.

आता ऑर्गन. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीतातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पितळी पत्त्या थरथरतात, पेटीसारख्याच. इथे नुसत्या पत्त्या नाहीत, नळ्या आहेत, सात हजारांहून अधिक, आणि हाताने वाजवायच्या पट्ट्यांचे पाच मजले. शिवाय पायाने वाजवायची पट्टी वेगळी. सगळ्यात मोठ्या नळीची मोजणी 32 फुटांची. तिचा खर्ज सेकंदाला सोळा कंपनांच्या आसपास, तो कानांपेक्षा बाकावर जास्त कळतो. बाहेरचं मूळ लाकडी खोकं बर्नार्ड स्मिथच्या 1690 च्या दशकातल्या ऑर्गनचं, लाकडावरचं कोरीवकाम ग्रिन्लिंग गिबन्सचं. वास्तुकार रेनला हा ‘शिट्ट्यांचा डबा’ नकोसा झाला होता अशी दंतकथा आहे. 1872 मध्ये ऑर्गन बनवणाऱ्या हेन्री विलिसने ते खोकं दुभागून क्वायरच्या दोन बाजूंना लावली आणि दोन्ही अर्ध्यांना जोडायला हवेच्या नळ्या टाकल्या. 1970 च्या दशकात मँडर कंपनीने सगळ्याची पुनर्बांधणी केली, घुमटाखाली आणि पश्चिम दाराकडेही नळ्या आल्या.

ही पसरलेली मांडणी वाजवणाऱ्याची परीक्षा घेते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पश्चिम दारावरचे रॉयल ट्रम्पेट, म्हणजे ऑर्गनच्याच तिथल्या नळ्या, वाजले तर आवाजाला क्वायरपर्यंत पोचायला शंभर मीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. वादकाने कानावर विसंबून वाजवलं तर तो दर मात्रेला मागे पडत जाईल. म्हणून तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर निर्देशकाचा हात बघतो आणि स्वतःच्या कानांकडे दुर्लक्ष करतो. हे ट्रम्पेट रोज वाजत नाहीत, मोठ्या सणांना आणि समारंभांना वाजतात.

दुसरी अडचण तापमानाची. हवा एक अंश तापली की साध्या नळीचा सूर साधारण तीन सेंट चढतो, शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. जिभेच्या नळ्या, म्हणजे ट्रम्पेट वगैरे, तेवढ्या चढत नाहीत. उन्हाळ्यात आठ अंश वाढले की दोन्ही जातींमध्ये पाव अर्धस्वराच्या आसपास तफावत पडते आणि एकत्र वाजवल्यावर आंबट लागतं. जुलैच्या उकाड्यातलं शेवटचं जोरदार ऑर्गनवादन ऐकून ‘ऑर्गन बेसूर आहे’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. हिवाळ्यात, सकाळपासून हीटिंग चालू असलेल्या दिवशी, तोच ऑर्गन सरळ असतो.

व्हॉलंटरी म्हणजे शेवटचं एकट्या ऑर्गनचं वादन. याला लोक ‘संपलं’ समजून उठतात, खुर्च्या सरकवतात, गप्पा मारतात. बसून राहा. ती तीन मिनिटांचीही असते आणि दहाचीही, पण वाद्याचा पूर्ण आवाका इथेच कळतो. त्यासाठी मात्र क्वायरमधून उठून घुमटाखाली या. गाण्याला जी जागा वाईट, ती ऑर्गनला उत्तम. उभ्या उभ्या आजूबाजूला बघितलंत तर संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांचा पुतळा दिसेल, हाताखाली मनुस्मृती घेतलेला.

जाताना दारात पैशांची थाळी किंवा कार्डाचं यंत्र असतं. पाच-दहा पौंड टाकायला हरकत नाही, पंचवीस वाचलेलेच असतात.

आणि शब्द ऐकणं हेच ज्यांना महत्त्वाचं, त्यांनी मिलेनियम ब्रिज ओलांडून नदीकाठाने वीस-पंचवीस मिनिटं चालत सदर्क कथीड्रल गाठावं. इमारत लहान, घुमारा आटोपशीर, ऑर्गन टी. सी. लुइसचा, 1897 चा, हवेचा दाब कमी ठेवून बनवलेला, त्यामुळे आवाज विलिसपेक्षा मोकळा आणि कमी दरडावणारा. तिथे कुठेही बसा, स्तोत्र अक्षर न् अक्षर कळतं. शेजारीच बरो मार्केट आहे, पण खायचं आधी उरका, इव्हनसाँग सुटेपर्यंत बरेच ठेले आवरलेले असतात.