शिकागोच्या थंडीत कुंडीतलं लिंबू: बी रुजवावं की कलम आणावं?

दर मार्चमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "लिंबाच्या बिया रुजल्या गं, आता पुढं काय करू?" हे रुजवण्याआधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मी मनातल्या मनात म्हणते. इकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून केव्हाही झाडं गोठवणारं दहिवर पडतं. म्हणजे झाड वर्षातले निदान सहा-सात महिने घरातच राहणार. अशा घरात कुठलं लिंबू तग धरेल आणि कुठलं फळेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी बियांचं. कागदी लिंबाच्या एका बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झालेले असतात. त्यामुळे रोप सहसा मूळ झाडासारखंच निघतं. म्हणून तर आपल्याकडे कागदीची बाग बियांच्या रोपांवर उभी राहते आणि संत्र्या-मोसंबीला मात्र जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (म्हणजे मुळं पुरवणाऱ्या दुसऱ्या रोपावर) डोळा भरतात, म्हणजे हव्या त्या झाडाची कळी बसवून कलम करतात. पपनसाची बी रुजवून तसंच पपनस मिळेल असं समजू नका. भारतीय किराणा दुकानातलं मोठं हिरवं लिंबू बहुतेकदा ताहिती जातीचं, बिनबियांचं असतं. मेक्सिकन दुकानात जाळीच्या पिशवीत मिळणारी बारकी लिंबं म्हणजे आपल्या कागदीचीच जात. त्यांच्या बिया वाळू न देता, वरचं टरफल सोलून, ओल्या कागदी रुमालात गुंडाळून ऊबदार जागी ठेवल्या की दोन-तीन आठवड्यांत मोड येतात. भारतातून बिया मात्र आणू नका. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांमुळे इथले नियम कडक आहेत. कढीपत्त्याचं रोपही त्याच कारणाने अडवतात, कारण लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड त्याच्यावरही राहते.

खर्च शून्य, मजा भरपूर. पण फळ? देशात जमिनीत लावलेलं बियांचं कागदी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी धरतं. माझं कुंडीतलं सहावं वर्ष चालू आहे आणि अजून काटेच मोजतेय. त्यात माझीही चूक आहे: खिडकीत मावेना म्हणून दर वर्षी शेंडा छाटत गेले. बियांच्या रोपाला फुलण्याआधी बरीच वाढ करावी लागते. शेंडा छाटला की ती कमाई गेली. पानं चुरडली की घरभर लिंबाचा वास सुटतो, एवढ्यावर मी समाधान मानलंय.

कलमाचं मेयर लिंबू बहुधा वर्ष-दोन वर्षांत फुलतं. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी झाडं शोधत फिरणाऱ्या फ्रँक मेयर यांनी ते 1908 मध्ये चीनमधून अमेरिकेत आणलं. जुन्या झाडांत लिंबूवर्गीय झाडांना घातक असा ट्रिस्टेझा विषाणू सापडला, म्हणून 1975 मध्ये विषाणूमुक्त 'इम्प्रूव्ह्ड मेयर' आलं. घ्यायचं तर तेच घ्या. साल पातळ, रस भरपूर, पण चव गोडसर. पोह्यांवर चालतं, वरणभातावर मात्र कागदीचा झणका आठवतोच. कलमाच्या जोडाच्या खालून तीन-तीन पानांची फूट दिसली तर लगेच काढा, ती खुंटाची असते.

तिसरं कॅलमॉन्डिन, म्हणजे फिलिपिनो लोकांची कलामान्सी. फळं गोटीएवढी, नारिंगी, चांगलीच आंबट आणि बियांनी भरलेली. एका वाटी रसाला ढीगभर पिळावी लागतात. पण घरातली हवा हे झाड बाकीच्यांपेक्षा निमूटपणे सोसतं.

तरीही माझ्या मते खरी निवड झाडाची नाही, खोलीची आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात 11 तास उजेड असतो, इथे जेमतेम 9. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड हटकून येते. ऊबदार खोलीत ठेवायचं तर 12-14 तास दिवा हवा आणि पानं अधूनमधून धुवायला हवीत. दुसरा मार्ग म्हणजे 10-12 अंश सेल्सिअसची उजेडाची खोली, पाणी अगदी बेतानं. झाड विश्रांती घेतं आणि वसंतात फुलतं. विदर्भात संत्र्याच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून झाडाला ताण देतात, त्याचाच हा घरगुती अवतार.

घात होतो तो या दोन्हींच्या मधे. थंड फरशीवर कुंडी आणि काचेतून पानांवर कडक ऊन. मुळं गार पडली की पाणी ओढत नाहीत आणि वर पानं तर पाणी मागत राहतात. आठवडाभरात पानांचा सडा पडतो. आपण समजतो झाड तहानलं, आणखी पाणी ओततो, मग मुळं कुजतात. माझं पहिलं मेयर असंच गेलं. आता कुंडीखाली लाकडी फळी असते आणि वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय मी झारीला हात लावत नाही.

तेव्हा एकच ऊबदार खोली असेल तर कॅलमॉन्डिन आणि दिवा. थंड पण उजेडाची पडवी असेल तर मेयर. घरात लहान मूल असेल तर बी रुजवाच, फळाची आशा न धरता.

आणि कलम मेमध्ये घ्या, ऑक्टोबरमध्ये नको. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर टिकायला लागलं की आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग उन्हात काढा. हिवाळ्याच्या तोंडावर आलेलं नवं झाड नर्सरीतला उजेड सोडून थेट आपल्या अंधाऱ्या खिडकीत येतं, आणि पहिल्याच महिन्यात बोडकं होतं.