मुलजी जेठा कारंजं, फोर्ट, मुंबई: कोरीवकाम अव्वल, पण बघायचं कसं?

मिंट रोडवरचं हे कारंजं बहुतेक लोक टॅक्सीतूनच पाहतात. ते चालत जाऊनच बघावं. कापड व्यापारी रतनसी मुलजींनी किशोरवयात गेलेल्या मुलाच्या, धरमसीच्या, स्मरणार्थ 1894 साली ते उभारलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, म्हणजे व्हीटी (आताचं सीएसएमटी) स्थानक बांधणाऱ्याचाच. शिल्पकामात जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स. सगळ्यात वर हातात पुस्तक घेतलेला मुलगा आहे. समोरच्या फुटपाथवरून बघा, जवळ गेल्यावर मान दुखते.

खरी मजा दगडात आहे. अशा जुन्या दगडी कारंज्यांचे सांधे चुन्याचे असतात. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. तिथे कुणी सिमेंट भरलं की ओल सांध्यातून निघत नाही, दगडातूनच वाट काढते. क्षार पृष्ठभागाशी साचतात, पापुद्रे सुटतात आणि आधी नाक-बोटं जातात. आतले लोखंडी खिळे गंजले की फुगून दगड चिरतात, म्हणून डागडुजीत स्टेनलेस स्टील वापरतात. तैलरंग तर अजिबात नको.

दगडकामाला पाचपैकी पाच. परिसराला दोन, कारण सभोवती वाहनं, निवांत उभं राहायला जागा नाही. रविवारी सकाळी जा, ऑफिसांची गर्दी नसते. तहानेसाठी मात्र स्वतःची बाटली न्या. नावात पाणी असलं तरी आज हे बघायचंच कारंजं आहे.