काचबिंदूचे दोन कॉम्बिनेशन ड्रॉप, दहा महिने वापरून

मागच्या दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि डोळ्यांचं प्रेशर निघालं उजवीकडे २८, डावीकडे २६. नॉर्मल १० ते २१ धरतात. दुखत काही नव्हतं, पण फील्ड टेस्टमध्ये (नजर बाजूंना कुठवर पोचते ती तपासणी) उजव्या डोळ्याची नाकाकडची नजर थोडी गेलेली होती, आणि गेलेली परत येत नाही.

पहिले दिले डॉर्झोलामाइड-टिमोलॉल, दिवसातून दोनदा. प्रेशर दीड महिन्यात १७ वर आलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. चुरचुर मात्र फार, मिनिटभर डोळा उघडवत नाही आणि मग घशात कडू उतरतं, सकाळी पोह्यांवर कितीही जीरावन मसाला घाला तोंड कडूच. तेही चालवून घेतलं असतं. पण मी इंदूरच्या रामबागेतली, राजवाड्याला रोज पायी जाणारी, आणि जानेवारीत मधेच थांबावं लागायला लागलं, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज. मुलीने नाडी मोजली तर ५२! मला लहानपणी दमा होता. टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे नाडी मंदावणारं आणि श्वासनळ्या आवळू शकणारं औषध, थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातो, दमा असलेल्यांना तो द्यायचाच नसतो. पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलंच नाही, त्याचा राग अजून जात नाही. दुसऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला, त्यांनी लगेच बंद करून बदलून दिलं.

आता ब्रिंझोलामाइड-ब्रिमोनिडीन, यात टिमोलॉल नाही. श्वास मोकळा आहे, प्रेशर १७-१८. चुरचुर जवळजवळ नाही, पण औषध दुधाळ असतं, बाटली नीट हलवावी लागते आणि टाकल्यावर थोडा वेळ सगळं धूसर, तेव्हा मी गॅसपाशी जात नाही. तोंड कोरडं पडतं, दुपारी झापड येते. दिवसातून तीनदा टाकायचं, त्यात दुपारचा डोस राहून जातो म्हणून मोबाईलवर अलार्म लावलाय. ब्रिमोनिडीनने काहींना काही महिन्यांनी ॲलर्जी होऊन डोळे लाल होतात, मला अजून नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर दोन्हींच्या आधी सांगा.

शेजारच्या काकूंना लॅटानोप्रोस्ट-टिमोलॉल आहे, दिवसातून एकदाच, सोयीचं, पण टिमोलॉल त्यातही आहेच.

दवा बाजारातून आणलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहिते, चार आठवड्यांनी फेकते. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरते, हे नवीन डॉक्टरांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं. पुढची फील्ड टेस्ट गणपतीनंतर आहे.