पोकरवरून येणाऱ्याने काय घ्यावं: मॅजिकचा ड्राफ्ट की पोकेमॉन?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि भारतातल्या पोकरच्या साइट्सनी एकामागून एक टेबलं आवरती घेतली. मांडवीतल्या कसिनोच्या बोटी आहेत, पण दर शनिवारी पणजी गाठणं कुणाला परवडतं? तेव्हापासून पुण्या-मुंबईचे जुने भिडू अधूनमधून विचारतात, "तू तिकडे ती कार्डं खेळतोस ना? त्यात आपलं पोकर चालतं का? आणि चालत असेल तर मॅजिक घेऊ की पोकेमॉन?"

मी न्यू जर्सीत राहतो. इथे ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे मला काही सोडावं लागलं नाही. तरी शुक्रवारची संध्याकाळ हळूहळू कार्डांच्या दुकानात जायला लागली. मॅजिक (पूर्ण नाव मॅजिक: द गॅदरिंग) आणि पोकेमॉन, दोन्ही कार्डांचा डेक, म्हणजे गठ्ठा, बांधून खेळायचे खेळ. दोन्ही स्पर्धेत खेळून झालेत, दोन्हीत हरूनही झालंय. हे त्यातून बनलेलं मत आहे. आकडेवारी कुणी ठेवली असेल तर ती वेगळंही सांगेल.

नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. मॅजिक म्हणजे इथे ड्राफ्ट: आठ जण, प्रत्येकी तीन पाकिटं, एकेक कार्ड उचलत पाकीट पुढे सरकवायचं आणि हाती आलेल्यातून ४० कार्डांचा डेक बांधायचा. घरून डेक बांधून आणायचा मॅजिकही आहे, पण त्यातल्या वरच्या फॉरमॅटांचे डेक इतके महाग असतात की 'बघू तरी' म्हणणाऱ्याला तो मी सुचवणार नाही.

मॅजिकमधून पोकरकडे जाणारा रस्ता तर चांगलाच रुळलेला आहे. डेव्हिड विल्यम्स मॅजिकच्या प्रो टूरवर खेळायचा आणि २००४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये दुसरा आला. एरिक फ्रोलिकने २००५ मध्ये तिथलं विजेत्याला मिळणारं ब्रेसलेट जिंकलं आणि २०१५ मध्ये मॅजिकच्या हॉल ऑफ फेममध्येही गेला. उलट्या दिशेने येणारे आपल्यासारखे कमी, आणि त्यांना आधी काही सवयी सोडाव्या लागतात.

पहिली सवय पैजेच्या आकाराची. पोकरमध्ये अर्धं कौशल्य कुठे किती लावायचं यात असतं. इथे प्रत्येक सामन्याचा पॉट ठरलेला: जिंकलात तर ३ गुण, बरोबरी १, हरलात तर शून्य. दणदणीत जिंका नाहीतर कसंबसं, गुण ३ च. त्यामुळे मागे पडल्यावर नुकसान आवरतं ठेवण्यात काहीच अर्थ नसतो. शंभरात पाचदा लागणारा जुगार हा एकच मार्ग उरला असेल, तर तोच खेळायचा. पोकरवाल्यांना हे पटतं पण हाताला वळण लागत नाही. कितीतरी डाव ते सभ्यपणे, सावकाश हरतात.

आता रेंज, म्हणजे समोरच्याच्या हातात काय काय असू शकतं त्याचा अंदाज. माझ्या मते इथे मॅजिक थेट आपल्या घरातला खेळ आहे. समोरच्याने २/२ चा क्रीचर (दोन मारणारा, दोन सोसणारा) तुमच्या ३/३ च्या तोंडावर चालवला, आणि मागे दोन लँड, म्हणजे कार्डं खेळायला लागणारा माना देणारी कार्डं, अनटॅप (न वापरता) ठेवलेत. का? त्या सेटमध्ये त्याच्या रंगात दोन मानात बसणाऱ्या ट्रिक्स, म्हणजे लढाईच्या मध्येच टाकायची कार्डं, किती आहेत, त्यातल्या कॉमन किती, अनकॉमन किती, हे ठाऊक असेल तर तुम्ही त्याच्या हातावर रेंज मांडताय. मागच्या टर्नला त्याला तीच ट्रिक खेळायची सोन्यासारखी संधी होती आणि त्याने सोडली? रेंज तेवढी आकसली. वर ड्राफ्टमध्ये पोकरमधल्या ब्लॉकरचंही गणित आहे, म्हणजे जे आपल्याकडे आहे ते समोरच्याकडे असण्याची शक्यता कमी. पहिलं आणि तिसरं पाकीट डावीकडे जातं, दुसरं उजवीकडे. डावीकडच्या माणसाशी सामना लागला तर त्याच्याकडे काय असू शकतं यातलं थोडंफार तुम्हीच त्याला दिलेलं असतं, आणि तुम्ही उचललेली ती खास ट्रिक त्याच्याकडे येण्याची शक्यता तेवढी कमी. होल्डेम पोकरमध्ये एक्का आपल्या हातात असताना समोरच्याच्या एक्क्यांची मोजणी कमी करतो, तसंच. आणि हातात काहीही नसताना केलेला तोच २/२ चा हल्ला म्हणजे ब्लफ, अगदी सरळ अर्थाने. समोरचा ब्लॉक करायला घाबरणारा असेल तर चालतो, नसेल तर क्रीचर जातो.

पोकेमॉनमध्ये हे जवळपास नाहीच. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत तुम्ही कार्ड खेळू शकत नाही, त्यामुळे 'याच्याकडे आत्ता उत्तर असेल का' हा प्रश्नच येत नाही. पुढच्या पाळीत 'बॉसेस ऑर्डर्स' काढून तो माझ्या बेंचवरचा, म्हणजे मागे थांबलेला, जखमी पोकेमॉन पुढे ओढेल का, एवढाच अंदाज उरतो. पण म्हणून पोकेमॉन बाळबोध आहे असं म्हणणाऱ्याने तो नीट खेळलेला नसतो. तिथे पोकरचं दुसरं अंग लागतं, आऊट्स, म्हणजे आपल्याला वाचवणारी उरलेली कार्डं, मोजण्याचं, आणि ते मॅजिकपेक्षा अधिक लागतं. ६० पैकी ६ कार्डं प्राइझ म्हणून उलटी बाजूला जातात (समोरचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं उचलायचं, सगळी उचलली की जिंकलात), म्हणजे डेकमधलं एकुलतं एक कार्ड दहातल्या एका डावात तिथे अडकलेलं असणार. पहिल्यांदा डेक शोधताना आत काय नाही ते डोक्यात टिपून घ्यायचं, आणि तेही घड्याळ चालू असताना.

ज्यांनी आयोनो हे कार्ड खेळलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. त्याने दोघांचे हात डेकच्या तळाशी जातात आणि ज्याची जितकी प्राइझ उरली तितकी कार्डं त्याला वरून मिळतात. समजा प्रतिस्पर्ध्याची दोन प्राइझ उरलीत, त्याच्या डेकच्या वरच्या भागात २० कार्डं आहेत आणि त्यातली तीन त्याला जिंकवतील. दोन कार्डांत त्यातलं एक येण्याची शक्यता सुमारे २८ टक्के, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पाळीच्या सुरुवातीला तो आणखी एक उचलणार असतो. तीन कार्डांत तीच शक्यता ४० टक्क्यांवर जाते. टर्न आणि रिव्हर ही टेबलावरची शेवटची दोन्ही पानं यायची असताना एकाचाच हिशोब करणारे पोकरमध्येही आपण पाहिलेत. असं गणित आवडणाऱ्याला पोकेमॉन भरपूर देतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरी माझा कौल जिथे ठरला ती जागा वेगळी आहे: पत्ते टाकून देण्याची. तीन पत्तीत आपण ज्याला पॅक करणं म्हणतो ते. पोकर शिकवणारा कुणीही पहिल्याच दिवशी सांगतो की कमाई खेळलेल्या हातांइतकीच न खेळलेल्या हातांतून होते. मग या दोन खेळांत पॅक कुठे करता येतं?

मॅजिकमध्ये सुरुवातीलाच. हात आवडला नाही तर मलिगन, म्हणजे तो टाकून नवा हात. २०१९ पासून लंडन मलिगन आहे, म्हणजे पुन्हा सातच उचलायची आणि जितक्या वेळा मलिगन केलं तितकी कार्डं तळाशी टाकायची. पोकरमध्ये पत्ते बघण्याआधी लावाव्या लागणाऱ्या ब्लाइंडपेक्षा महाग, पण किंमत आधी माहीत असलेली. १७ लँडांच्या ४० कार्डांत पहिल्या सातांत एक किंवा शून्य लँड, नाहीतर सहा किंवा सात लँड, असं साधारण आठातून एकदा होतं. तिथे विचारच करायचा नाही. खरी मजा दोन लँड आणि पाच चांगल्या कार्डांच्या हाताची. तुम्ही पहिले आहात की दुसरे, ती पाच किती मानाची आहेत, समोरचा डेक किती वेगाचा आहे, यावर ठेवायचं की टाकायचं ते ठरतं. पोझिशनवरून, म्हणजे खेळायचा क्रम बघून, हात निवडण्याची सवय इथे जशीच्या तशी कामी येते, आणि दुकानातल्या नेहमीच्या खेळाडूंपेक्षा ती आपल्याला बरी असते असं मला तरी जाणवलंय.

पोकेमॉनमध्ये मलिगन तुमच्या मर्जीचं नाही. हातात बेसिक, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारा, पोकेमॉन नसेल तर ते करावंच लागतं, आणि समोरच्याला एक जास्तीचं कार्ड उचलायची मुभा मिळते. आठच बेसिक घेतलेत तर पहिल्या हातात एकही नसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. आणि एक बेसिक आलं, बाकी सहा कार्डं कचरा असली, तरी तो हात खेळायचाच. म्हणजे डाव सुरू होण्याआधी पॅक करण्याची सोय नाही. उरतं ते डाव सोडून देणं: हरलेला डाव ओळखायचा, "पुढचा" म्हणायचं आणि वेळ वाचवायचा.

पोकेमॉनचे चांगले खेळाडू यात वस्ताद असतात, कारण तीन डावांच्या सामन्याला वेळ ५० मिनिटं. त्यानंतर चालू पाळी संपवायची, आणखी तीन पाळ्या, आणि तिसरा डाव तेवढ्यात संपला नाही तर बरोबरी. माझा सगळा वैताग इथे आहे. एका मोठ्या स्पर्धेत समोरच्याचा पहिला डाव स्वच्छ हरलेला होता. माझं एक प्राइझ उरलेलं, त्याच्याकडे हल्ला करू शकेल असं काही नाही. तरी तो डेक शोधत राहिला, आणि प्रत्येक शोधानंतर पिसणं आलंच. फसवत नव्हता, जज येऊन उभा राहिला, त्यालाही काही वावगं दिसलं नाही. तो फक्त आशा सोडत नव्हता. दुसरा डाव त्याने जिंकला, तिसऱ्यात मी पुढे असताना वेळ संपली. दोघांना एक-एक गुण. आणि असं एकदाच झालं असतं तर इथे लिहिलं नसतं.

निकाल लागलेल्या सामन्यात मिळून ३ गुण वाटले जातात, बरोबरीत मिळून २. मधला एक कुणालाच मिळत नाही. आपल्या भाषेत हा रेक आहे, म्हणजे पॉटमधून कापला जाणारा कसिनोचा वाटा, फक्त तो घेणारं कुणी नाही. पोकरमध्ये माझं पॅक माझ्या हातात असतं. समोरचा कितीही हट्टी असला तरी माझं नुकसान मी ठरवलेल्या जागी थांबतं, उलट त्याच्या हट्टातूनच मी कमावतो. इथे मी वेळेवर सोडलं तरी तो सोडत नाही, आणि त्याचा हट्ट आम्हा दोघांना बुडवतो. ज्या दोषाची किंमत पोकरच्या टेबलावर एकट्याने मोजायची असते, ती इथे दोघांत वाटून घ्यावी लागते. हे मला कधी पचलं नाही. तुम्ही झटपट खेळणारे असाल, किंवा 'जरा भरभर' हे हसत सांगू शकणारे असाल, तर तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

मॅजिकमध्येही ५० मिनिटं आणि वर पाच टर्न्स आहेत, बरोबरी तिथेही होते. पण ड्राफ्टमध्ये डेक शोधणं-पिसणं फार नसतं, टेबलावरची कोंडी फुटते आणि डाव संपतो. माझ्या वाट्याला अशा बरोबऱ्या क्वचितच आल्या.

पैशाचं थोडक्यात. पोकेमॉनचा स्पर्धेत चालणारा डेक सुटी कार्डं घेऊन बांधला तर तुलनेने स्वस्त पडतो, आणि जुनी कार्डं ठराविक काळाने बाद होईपर्यंत पुन्हापुन्हा वापरता येतो. ड्राफ्टला दर वेळी नवी पाकिटं, आणि २०२४ मध्ये प्ले बूस्टर आल्यापासून ती महागच झाली. पण मला ते बाय-इन (टेबलावर बसायची रक्कम) म्हणून मोजायला सोपं जातं: संध्याकाळचं ठरलेलं नुकसान, घरी कपाट भरत नाही. सरावासाठी पोकेमॉन टीसीजी लाइव्ह फुकट आहे. मॅजिकसाठी अरीना आहे, फक्त तिथल्या एका डावाच्या सामन्यांत पहिला हात थोडा सावरून दिला जातो, त्यावरून मलिगनचे आडाखे बांधू नका.

एक इशारा मात्र पोकरवाल्यांसाठीच. फायनल टेबलवर बसून बक्षीस वाटून घेणं आपल्याला नैसर्गिक वाटतं. मॅजिकमध्ये बक्षीस वाटून घ्यायला हरकत नाही, शेवटच्या फेरीत दोघांनी ठरवून बरोबरी घेणंही चालतं, आणि टॉप ८ च्या उंबरठ्यावर तो हिशोब आयसीएमच्या (पोकर स्पर्धेत चिप्सची बक्षिसातली किंमत काढायची पद्धत) खूप जवळ जातो. पण 'तू सामना सोड, मी अर्धं देतो' हे वाक्य तोंडातून निघालं की थेट शिक्षा. नाणं उडवून निकाल लावणंही तसंच. शंका आली तर बोलण्याआधी जजला हाक मारा.

घरात शाळकरी मूल असेल तर मात्र मी पोकेमॉनकडे बोट दाखवीन. ज्युनियर, सीनियर, मास्टर्स असे वयोगट आहेत, बापलेक एकाच हॉलमध्ये दोन स्पर्धा खेळू शकतात, आणि पोरांच्या टेबलांवर बरोबरीवरून कुणी रात्रभर कुढत नाही. एकटेच येणार असाल आणि पोकरमध्ये तुम्हाला समोरचा माणूस वाचण्याची गोडी असेल, तर ड्राफ्टला बसा. पहिल्या डेकमध्ये १७ लँड घ्या. आपण हिशोबी लोक, १६ वर उतरायचा मोह हमखास होतो.